इंजिन बंद पडलं तेव्हा खाली बाजरी होती

ऑगस्ट महिना. सेस्ना १५२ मध्ये मी एकटाच, शिकाऊ. राजेवाडीचा तलाव मागे पडला, समोर म्हसवड दिसू लागलं. ढग खाली उतरले होते म्हणून अल्टिमीटरवर साडेतीन हजार फूट धरून चाललो होतो.

आरपीएमचा काटा हळूहळू पडू लागला. मी थ्रॉटल जरा पुढे सरकवला आणि गप्प बसलो. काटा का पडतोय हे स्वतःला विचारलंच नाही. माणदेशात बर्फ, ही कल्पनाच कुणाला शिवत नाही. पण पावसाळी दमट हवा कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना थंड होते, पेट्रोलची वाफ होताना आणखी थंड होते. बाहेर वीस-पंचवीस अंश असले तरी आत बर्फ धरतो.

शेवटी कार्ब हीटची, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ ओढली. इंजिन आणखीच धडधडलं. ते तसं धडधडणारच, वितळलेला बर्फ पाणी होऊन इंजिनातच जातो. मी घाबरलो आणि मूठ परत आत ढकलली. अर्धं मिनिट दम धरला असता तर हा लेख लिहावा लागला नसता. खोकला वाढला म्हणून पहिल्याच घोटाला औषध थांबवावं, तसं केलं मी. इंजिन गेलं. चूक यंत्राची नव्हती, माझीच होती.

अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून मोजतो आणि इथली जमीनच पाचशे मीटरच्या आसपास उंच. म्हणजे पायाखाली जेमतेम अठराशे फूट. साठ नॉट वेग धरला तर हे विमान हजार फुटांत पावणेतीन किलोमीटर तरंगतं. हाताशी अडीच मिनिटं होती. ‘मेडे’ हा संकटाचा इशारा रेडिओवर दिला, पण एकदाच. बोलण्यात वेळ घालवायचा नसतो. नाक वर ओढून उंची टिकवण्याचा मोह फार होतो. तसं केलं तर वेग जातो आणि विमान दगडासारखं खाली येतं.

पांढरं माळरान वरून परटाच्या धोतरासारखं सपाट दिसतं. त्यावर जाऊ नका. ढगाळ उजेडात सावल्या पडत नाहीत, त्यामुळे ओघळी आणि दगड दिसतच नाहीत. विजेच्या ताराही दिसत नाहीत, खांब शोधावे लागतात. मी बांधाला समांतर लांब पट्टी निवडली, बाजरीची. पश्चिमेचा वारा तोंडावर घेतला, म्हणजे जमिनीला टेकतानाचा वेग तेवढा कमी. मिक्श्चर आणि इंधनाची कळ बंद केली. पंखांच्या मागच्या कडेचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते आधी खाली घेतले आणि मगच मास्टर स्विच बंद केला. दरवाजाही आधीच उघडा ठेवला. सांगाडा वाकला की दरवाजा अडकतो.

कणसं पंखांवर सपासप आपटली, नाकाचं चाक मोडलं, विमान थांबलं. कपाळाला खोक पडली, एवढंच. त्याच जातीचं विमान पुढे २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात पडलं. त्यातली एकटी शिकाऊ वैमानिकही किरकोळ जखमांवर वाचली. तोवर मी स्वतः शिकवू लागलो होतो. त्या दिवशी मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना कार्ब हीटची मूठ पुन्हा एकदा ओढायला लावली.

पण हे मुख्यतः शेतकऱ्यांसाठी लिहितोय. बाजरीतून सगळ्यात आधी एक म्हातारे आजोबा धावत आले. “पोरा, लागलं न्हाय न्हवं?” त्यांच्या ओठांत पेटलेली विडी होती आणि पंखातून पेट्रोल ठिबकत होतं. जमिनीवर आल्यावर मी पहिलं वाक्य ओरडलो ते त्यांच्यावरच, “आजोबा, विडी!”

तुमच्या रानात असं विमान उतरलं तर विडी-काडी लांब ठेवा. पुढच्या पंख्याच्या बाजूने जाऊ नका, तो थांबलेला दिसला तरी हात लावू नका. माणसाला दारातून बाहेर घ्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला न्या आणि ११२ लावा.