चौथं वचन

यवतमाळ

चि. बाळास,



उत्तम शुक्रवारच्या उपासनेत यंदा चौथं वचन तुझ्या वाट्याला आलंय, हे पाळकसाहेबांनी सांगितलं. मग तुझाही फोन आला, दहा मिनिटं काय बोलू म्हणून. फोनवर मी तुला धड उत्तर दिलं नाही. वधस्तंभावरच्या सातही वचनांत हेच मला सगळ्यात जड वाटतं. वधस्तंभावरून ख्रिस्त देवाला विचारतो, तू मला का सोडलंस? त्यावर घाईघाईत काही सांगणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

आधी एक घडलेली गोष्ट सांगते. तेव्हा तू फार लहान होतास. असाच उत्तम शुक्रवार होता, बारा ते तीनची उपासना, बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत पंखे नुसती गरम हवा फिरवत होते. एक पाहुणे उपदेशक बोलायला उभे राहिले. बोलण्याच्या ओघात ते म्हणाले, ज्याचं घरच्यांवर खरं प्रेम असतं तो त्यांच्यासाठी मरायलाही मागेपुढे पाहत नाही, ख्रिस्ताने तेच केलं. मंडळी माना डोलावत होती. खिडकीकडच्या बाकावर केळापूरकडच्या एका खेड्यातून आलेली बाई बसली होती. कापूस बुडाला, कर्ज वाढलं, आणि आदल्या पावसाळ्यात तिच्या नवऱ्याने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. उपासना सुटल्यावर ती लिंबाखाली माझ्याजवळ आली. हातातल्या रुमालाला गाठ मारायची, सोडायची, पुन्हा मारायची. मग म्हणाली, "मंग आमच्या यायनंबी तेच केलं ना व बाई?" नवऱ्याच्या चिठ्ठीत होतं की मी गेल्यावर सरकारचे लाख रुपये मिळतील, पोरीचं काहीतरी होऊन जाईल.

आयुष्यभर शाळेत मुलांना उत्तरं देत आले, पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी तिला बाटलीतलं पाणी दिलं आणि तिच्याजवळ बसून राहिले. बाळा, तेव्हापासून या वचनावर कोणी बोलायला उभं राहिलं की माझं लक्ष त्या बाकाकडे जातं. आपल्या जिल्ह्यात ते कधी रिकामं नसतं. 19 मार्च 1986 रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. अलीकडे त्या तारखेला गावोगावी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. ती तारीख दर वर्षी आपल्या उपवासकाळातच येते. तेव्हा तुझ्यासमोर जी माणसं बसलेली असतील, त्यांतल्या कितीतरी जणांसाठी 'जीव दिला' हे शब्द पुस्तकातले नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की ख्रिस्ताच्या मरणाची स्तुती करताना मरणाचीच स्तुती करू नकोस. तो मरणाच्या शोधात निघालेला माणूस नव्हता. मशीहा म्हणजे अभिषिक्त, तेल ओतून कामावर नेमलेला. राजांना आणि याजकांना असं नेमत असत. लोक वाट पाहत होते ती रोमी सत्ता उलथून टाकणाऱ्या राजाची, म्हणून तर झावळ्या घेऊन रस्त्यावर आले. त्याने मात्र आपलं काम नासरेथच्या सभास्थानात, यशयाचा ग्रंथ उघडून, आधीच सांगून टाकलं होतं. गरिबांना शुभवर्तमान, बंदिवानांची सुटका, आंधळ्यांना दृष्टी, आणि प्रभूच्या कृपेचं वर्ष. त्या वर्षामागे जुन्या करारातलं योबेल वर्ष आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलं गेलेलं वावर मूळ घराला परत, आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस आपल्या घरी. यवतमाळात हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. मशीहाच्या कामाच्या यादीत कर्जात बुडालेल्यांचं जगणं आहे, त्यांचं मरण कुठेच नाही.

नारायण वामन टिळकांचं आठवून पाहा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या आधी आगगाडीत एका साहेबाने त्यांना नवा करार दिला होता, आणि त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. वधस्तंभाच्या आधी त्यांना ख्रिस्ताचं बोलणं आणि वागणं भेटलं. तूही तिथूनच सुरुवात कर.

आणि नासरेथच्या त्याच दिवशी पुढे काय झालं ते लोक विसरतात. गावकऱ्यांनी चिडून त्याला कड्यावरून लोटायला नेलं, आणि तो त्यांच्यामधून निघून गेला. त्या दिवशी त्याने मरण चुकवलं. पुढेही पुढारी जिवावर उठल्यावर तो उघडपणे फिरेनासा झाला. शेवटच्या रात्री गेथशेमाने बागेत तो जमिनीवर पालथा पडून विनवत होता, की हा प्याला टळू दे. तीन मित्रांना त्याने जागं राहायला सांगितलं होतं, ते तिन्ही वेळा झोपलेले सापडले. जगण्याचा कंटाळा आलेला माणूस अशी विनवणी करत नाही. त्याने मरण निवडलं नाही, माणसांना न सोडणं निवडलं. गरिबांची, पाप्यांची, महारोग्यांची संगत सोडली असती तर तो वाचला असता. ती सोडली नाही, म्हणून सत्तेतल्या लोकांनी त्याला मारलं. (यहुद्यांनी मारलं असं सरसकट बोलू नकोस. तो स्वतः यहुदी होता, त्याच्यासाठी रडणाऱ्या बायाही यहुदीच होत्या, आणि शिक्षा रोमी सुभेदाराने दिली.)

मग वधस्तंभ हा नुसता अन्याय होता का? नाही. तिथे आपला विश्वास आणखी खोल जातो. आदल्या संध्याकाळी त्याने भाकर मोडून शिष्यांच्या हातात दिली, ती तुमच्यासाठी म्हणून दिली. माणसं आपल्यावर जे लादणार ते त्याने माणसांसाठीच अर्पण केलं. पौल कलस्सैकरांना लिहिताना कर्जाच्या चिठ्ठीचा शब्द वापरतो, ऋणकोने स्वतःच्या हाताने लिहून दिलेल्या चिठ्ठीचा. ती देवाने खोडली आणि वधस्तंभाला ठोकली, असं तो म्हणतो. कोऱ्या कागदावर अंगठा दिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1098 मध्ये कँटरबरीच्या अन्सेल्मने याच ऋणाच्या विचारावर एक मोठा ग्रंथ पुरा केला. पुढे कितीकांच्या तोंडी त्याचं असं झालं, की देव म्हणजे वसुलीला बसलेला सावकार आणि ख्रिस्त म्हणजे त्याला द्यायचा मुद्दल-व्याजाचा हप्ता. तसं बोलू नकोस. शुभवर्तमानात खातं फाडणाराही देवच आणि त्याची तूट सोसणाराही देवच. पापाचा भार त्याने दुसऱ्या कोणावर टाकला नाही, स्वतःच्या पुत्रात स्वतः उचलला.

त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर मला फार वर्षांनी इब्री लोकांस पत्रात सापडलं, एका लहानशा शब्दात. एकदाच. महायाजकाला दरवर्षी रक्त घेऊन परमपवित्र स्थानात जावं लागे, ख्रिस्ताने स्वतःला एकदाच अर्पण केलं, आणि अर्पणं संपली. म्हणजे आता कोणत्याही बापाने, कोणत्याही नवऱ्याने आपल्या जिवाने कसलंही कर्ज फेडायचं उरलेलं नाही, ना देवाचं, ना बँकेचं. ज्याला तसं वाटलं त्याला आपण कोणीतरी हे वेळेवर सांगायला हवं होतं. तो एकटा पडला आणि मंडळी झोपलेली होती, बागेतल्या त्या तिघांसारखी.

आता तुझं वचन. मार्कात वधस्तंभावरचं हे एकच वचन आहे. शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिणाऱ्याने हे शब्द अरामी ठेवले, जसे कानावर पडले तसे. मूळ स्तोत्र बावीसावं, इब्री भाषेतलं, पण येशूने ते आपल्या घरच्या बोलीत म्हटलं. थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये ख्रिस्तपुराण मराठी ओवीत आणलं, त्यामागेही हेच कारण असणार असं मला वाटतं, की दुःख आपल्या भाषेतच कळतं. माझ्या लहानपणी युनियन बिब्लिकल सेमिनरी इथे यवतमाळात होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. तिथला दूर प्रांतातून आलेला एक विद्यार्थी एकदा हेच वचन बोलायला उभा राहिला. मराठी अडखळली तसं त्याने ते सरळ आपल्या मातृभाषेत म्हटलं. शब्द कोणालाही कळला नाही, पण माझ्या आजीने पदर डोळ्यांना लावला.

त्या बाईने मला वऱ्हाडीत विचारलं होतं. येशूनेही तसंच विचारलं आणि वरून काही उत्तर आलं नाही. म्हणून तिला एवढं सांगता येतं, की तुझा धनी ज्या अंधारात गेला तिथे देवाचा पुत्र त्याच्या आधी जाऊन आलाय, त्या अंधारातही तुझा धनी त्याच्या हाताबाहेर नव्हता. त्याच्यावर निवाडा करणं आपलं काम नाही. स्तोत्राचा शेवट भरवशाने होतो, हे सांगायची तुला घाई होईल. करू नकोस. पुनरुत्थानासाठी रविवार आहे. दहातली शेवटची दोन मिनिटं नुसता उभा राहा, लोकांना ते वचन ऐकू दे.

आणि ज्याचं मन आज खचलंय तो घरी जाण्याआधी कोणाशी तरी बोलेल, एवढी वाट मोकळी ठेव. पाळकसाहेबांना आणि दोन-तीन वडीलधाऱ्यांना तीननंतर बाहेर लिंबाखाली थांबायला मी सांगितलंय. तूही थांब.

ती बाई अजून येते, खिडकीकडच्या त्याच बाकावर बसते. मुलगी नर्सिंगला आहे. परवा बाजारात भेटली तेव्हा यंदा चौथं वचन कोण बोलणार म्हणून विचारत होती. माझा भाचा, म्हटलं. "येतो मी," म्हणाली.

तुझी,
आत्या