डेटाबेस: तयार पॅकेज घ्यायचं की सोर्समधून कंपाइल करायचं?



बिलिंग आणि स्टॉकसाठी पोस्टग्रेस वापरायचं ठरवलंत, छान. फुकट आहे आणि त्याचा सोर्स कोडही सगळ्यांना खुला आहे. पण कॉम्प्युटरवर टाकायचं कसं? चटणीसारखंच आहे बघा: तयार पुडा आणा, नाहीतर मिरची घेऊन डंकावर जा.

तयार पुडा म्हणजे पॅकेज. उबुंटूवर एका कमांडमध्ये बसतं, सर्व्हिस सुरू होते आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला तरी आपोआप चालू होते. डंक म्हणजे कंपाइल करणं. कोड उतरवा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल करा. मग डेटाचं फोल्डर, वेगळा युजर, आपोआप सुरू व्हायची सोय, सगळं तुम्हीच बघायचं.

माझी चूक सांगतो. मेढ्यातल्या दुकानात मी ओळखीच्या एका मुलाकडून कंपाइल करून घेतलं. "फास्ट चालेल" म्हणाला. मला तरी फरक जाणवला नाही. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला. पावसाळ्यात लाईट गेली, आली, पण डेटाबेस काही उठेना! आपोआप सुरू व्हायची सोय राहून गेली होती. दीड दिवस बिलं वहीवर लिहिली.

मग कंपाइल कुणी करायचं? पुण्यात एंटरप्राइझडीबीचं ऑफिस आहे. ही कंपनी पोस्टग्रेसच्या कोडवरच काम करते, त्यांना कंपाइल करावंच लागतं. पण विंडोजवाल्यांसाठी तयार इन्स्टॉलरही तीच देते! म्हणजे वापरणाऱ्याने काय घ्यावं, ते कळलंच.

"पॅकेज जुनं असतं," असं कुणी म्हणेल. पोस्टग्रेसची स्वतःची रिपॉझिटरी जोडा, नवी आवृत्ती मिळते.

अपडेटचाही विचार करा. साधारण दर तीन महिन्यांनी दुरुस्त्या येतात आणि एका मुख्य आवृत्तीला 5 वर्षं त्या मिळतात. पॅकेज असेल तर नेहमीच्या अपडेटबरोबर काम होतं. कंपाइल केलंत तर दर वेळी पुन्हा डंकावर.

निर्णयाआधी एकच प्रश्न विचारा: हे बंद पडलं, तर उद्या सकाळी दुकान उघडायच्या आत कोण चालू करणार? उत्तर "तो मुलगा" असेल, तर पॅकेजच घ्या.

आजचा गृहपाठ: पीजी डंपने बॅकअप घ्या आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर तो उघडून बघा. उघडला, तरच तो बॅकअप!