मानवशास्त्रासाठी पदवीपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : मी अकरावी कला शाखेत आहे. आमच्या तालुक्यात इनामगावला मोठं उत्खनन झालं होतं, असं सरांनी सांगितलं आणि तेव्हापासून मानवशास्त्राने डोक्यात घर केलं आहे. पण हे शास्त्र नेमकं हाडांचं की आदिवासींचं? आमच्या कॉलेजात हा विषय नाही. वडील म्हणतात, तो यूपीएससीवाल्यांचा विषय. मग पदवी होईपर्यंत थांबायचं का?
— एक विद्यार्थिनी, शिरूर

उत्तर : अजिबात थांबू नकोस. वडिलांचं म्हणणं खोटं नाही, यूपीएससीला हा वैकल्पिक विषय आहेच आणि पुण्यात त्याचे क्लासही जोरात चालतात. पण त्या नोट्स पाठ करणं वेगळं आणि मानवशास्त्र करणं वेगळं.

हाडांचं की माणसांचं, याचं उत्तर तुझ्या तालुक्यातच आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात इनामगावला घोड नदीच्या काठी खोदकाम केलं, तेव्हा साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव वर आलं. त्यांचं मुख्य धान्य ज्वारी-बाजरी नव्हतं, सातू होतं. लहान मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्यांना पुरताना पावलं तोडलेली आढळली. दातांवरून खाणंपिणं ओळखणं हे शारीरिक मानवशास्त्राचं काम. पण आपलं मूल उंबऱ्याच्या आतच का ठेवावंसं वाटलं असेल, हे नुसती हाडं सांगत नाहीत. त्यासाठी आज जिवंत असलेल्या माणसांच्या रीती नीट पाहिलेल्या असाव्या लागतात. म्हणून या शास्त्राला दोन्ही लागतं.

इरावती कर्व्यांनी (1905–1970) दोन्ही केलं. बर्लिनला त्यांनी पीएच.डी. केली ती माणसाच्या कवटीवर. कवटीच्या ठेवणीवरून वंशांची उच्चनीचता ठरवण्याचे ते दिवस, आणि त्यांचे मार्गदर्शक त्याच मताचे. बाईंच्या मोजमापांतून मात्र तसं काही निघालं नाही आणि त्यांनी ते तसंच मांडलं. पुढे त्याच बाई वारीत चालल्या आणि एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठा अभंग एकत्र म्हणतात पण जेवायला वेगळे बसतात, हे त्यांनी लिहून ठेवलं. नात्यागोत्यांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1953 सालचा.

तूही नात्यांपासूनच सुरुवात कर. एक मोठा कागद घे. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्या माणसावर तिरकी रेघ. जगभर हीच पद्धत आहे. प्रत्येकाखाली जन्मगाव आणि काम लिही. बाईचं माहेरचं नाव, सासरी बदललेलं नाव आणि माहेरगाव, तिन्ही लिही. मग गंमत बघ. वडिलांकडची नावं पाच-सहा पिढ्या धडाधड येतील. आजीच्या आईचं माहेरचं नाव विचारलंस की घर गप्प होईल. ती जागा रिकामीच ठेव, अंदाजाने भरू नकोस. कोण कोणाला विसरलं हीसुद्धा माहितीच आहे. माहेरगावांची यादी केलीस तर बहुधा तीच ती दहा-बारा गावं फिरून येतील. आपली सोयरीक किती कोसांत फिरते ते असं कागदावर दिसतं.

मग आजीला विचार, मामाची मुलगी करून घेतलेली चालते का? आत्याची? महाराष्ट्रात कितीतरी जातींत मामेबहीण चालते, आतेबहीण चालत नाही. उत्तरेकडे बहुतेक ठिकाणी दोन्ही निषिद्ध, दक्षिणेत अनेक ठिकाणी दोन्ही चालतात, सख्खी भाचीसुद्धा. आपण या दोहोंच्या मधे पडतो, हे कर्व्यांनी दाखवलं. पण आजी नियम एक सांगेल आणि तुझ्या कागदावर भलतंच निघेल, असंही होईल. तेव्हा आजीशी वाद घालू नकोस. ती काय म्हणाली आणि प्रत्यक्षात काय झालं, दोन्ही शेजारी शेजारी लिही. माझ्या मते या शास्त्राचा निम्मा अभ्यास एवढाच आहे.

टिपण त्याच रात्री उतरव. कोण म्हणालं, कुठे, कधी, आणि शक्यतो त्याच्याच शब्दांत. विचारल्याशिवाय फोनवर रेकॉर्डिंग नको. आणि एक सांगते, रागावू नकोस : ‘आदिवासींचा अभ्यास’ म्हणून सुट्टीत एखाद्या पाड्यावर जाऊन फोटो काढून येणं, हे मानवशास्त्र नव्हे. शिकल्यावर, ओळखीने, राहायची तयारी ठेवून जा. तोवर पुण्यातल्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय बघ.

अकरावी-बारावीला समाजशास्त्र मिळत असेल तर घे. पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. प्रवेशाच्या अटी विभागातच विचार, क्लासवाल्यांना नको. प्राचीन हाडं-मडकी जास्त ओढत असतील तर डेक्कन कॉलेज आहेच.

कागद पूर्ण झाला की आम्हाला जरूर पाठव. फक्त मूळ प्रत घरीच राहू दे, आणि पाठवायच्या प्रतीतली सगळी नावं आधी खोडून टाक.