राखण गावाची, विक्री कोणाची?

सार्वजनिक जमिनीवरील जंगल म्हटले की शहरात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वनखात्याचा नाका आणि खाकी गणवेश आठवतो. जंगलाच्या काठावरील माणसाला मात्र ते वेगळे दिसते. त्याचे सरपण, गुरांचा चारा, घराचा बांबू, उन्हाळ्यातील मोहफुले व तेंदूपत्ता, पावसाळ्यातील अळंबी व रानभाज्या हे सारे तेथूनच येते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याच्या चुलीला तर या जंगलाचाच मोठा आधार असतो. म्हणून हा विषय केवळ झाडांचा नसून भूमिहीनांचा आहे. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना मिळावी यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली जो सत्याग्रह झाला, त्याची आठवण आपल्या सभासदांना करून देण्याची गरज नाही.

गावाने जंगल राखले तर गावाचे पोट भरते काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही घेतला आहे. आमचे मत असे की, नुसते राखल्याने थोडेफार भरते. माल विकण्याचा अधिकार हाती आला म्हणजेच खरा फरक पडतो.

प्रथम बंगालचे उदाहरण पाहू. त्यावेळच्या मिदनापूर जिल्ह्यातील आराबाडी येथे सालाचे जंगल तोडून तोडून नुसती खुंटे उरली होती. लाकूड तोडणारे आसपासचेच गरीब लोक होते. पहारेकरी वाढवून उपयोग होईना, तेव्हा १९७२ च्या सुमारास अजित कुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांशी बोलणी केली. सुमारे १,२७० हेक्टर जंगल तुम्ही राखा, रोपवनाची मजुरी मिळेल, पाने-बिया-अळंबी न्या आणि शेवटच्या तोडीच्या उत्पन्नातून २५ टक्के घ्या, असा तो ठराव होता. सालाच्या खुंटांना धुमारे फुटतात. राखण होताच जंगल पुन्हा उभे राहिले. पुढे १ जून १९९० रोजी केंद्र सरकारने याच धर्तीवर राज्यांना परिपत्रक पाठविले आणि १९९२ मध्ये महाराष्ट्रानेही संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय घेतला.

ही सुधारणा मोठी होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु झाड केव्हा तोडायचे, कोणाला व काय भावाने विकायचे, हे खातेच ठरवीत असे. शिवाय तोडीचा वाटा वर्षांनी मिळणार आणि जंगल मात्र आजपासून बंद! ज्याच्या घरी दोन एकर शेत आहे त्याला थांबता येते. डोक्यावर मोळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बाईला थांबता येत नाही. अशा योजनेत पहिला तोटा तिचाच होतो, आणि समितीच्या बैठकीत बहुधा तीच नसते.

आता आपल्या गडचिरोलीकडे वळू. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड आदिवासींचे गाव. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे ते सर्वदूर माहीत झाले. येथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या सहमतीने होतात. त्याआधी अभ्यास गट बसून विषयाची माहिती काढतो. (विद्यार्थी मित्रांनी या अभ्यास गटाकडे विशेष लक्ष द्यावे. कायद्याची कलमे माहीत नसलेल्या गावाला हक्क कागदावरच मिळतो.) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. देशातील अशा पहिल्या गावांपैकी ते एक होय.

तरीही बांबू विकता येईना. जुन्या १९२७ च्या कायद्यात बांबू 'झाड' होता. नव्या कायद्याने त्याला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले होते. खाते वाहतुकीचा परवाना देईना, आणि परवान्याशिवाय माल नाक्याबाहेर जात नाही. हक्क गावाचा, पण चावी दुसऱ्याच्या खिशात! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. २०१२ च्या सुधारित नियमांनी ही तरतूद सर्वांसाठी केली, आणि २०१७ मध्ये जुन्या कायद्यातील झाडांच्या व्याख्येतून बांबूच वगळला गेला.

परवाना हाती येताच ग्रामसभा मालकीण झाली. बांबू तोडीची मजुरी ती ठरवते, नफा तिच्या खात्यात जमा होतो. भूमिहीनाला मजुरी मिळते आणि नफ्याच्या विनियोगात त्याचाही शब्द असतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाल्यावर त्यांनी बांबू विकला, पण तेंदूपत्ता तोडणेच बंद केले. पत्त्यासाठी फांद्या छाटतात, आगी लावतात, मग टेंभुर्णीची फळे माणसालाही मिळत नाहीत आणि पाखरालाही नाही. स्वतःचे रोख उत्पन्न सोडण्याचा असा निर्णय ठेकेदार कधी घेईल असे आम्हास वाटत नाही.

अडचणी नाहीत असे नाही. बांबू फुलला की बेटेच्या बेटे वाळतात. पावसाळ्यात कोंब येत असताना तोड करता येत नाही. व्यापारी एकजूट करून भाव पाडतात. हिशेब नीट न ठेवणाऱ्या ग्रामसभेत भांडणे होतात.

शेवटी विदर्भातील आपल्या बांधवांच्या उपयोगाची एक गोष्ट. आदिवासी नसलेल्या कुटुंबांना या कायद्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, तेथील वास्तव्य व जंगलावरील अवलंबन दाखवावे लागते. तेवढी वर्षे जमीन कसल्याचा पुरावा हवा, असे सांगून अनेकांना परत पाठवितात. ते बरोबर नाही. अट वास्तव्याची आहे. जुने कागद नसतील तर गावातील वृद्धांचा लेखी जबाबही नियमांनुसार पुरावा म्हणून चालतो. मात्र हे वृद्ध दावेदारांपैकी नसावेत. असे जबाब लवकर लिहून घ्यावेत, कारण हे वृद्ध वर्षागणिक कमी होत आहेत.