मफीबोशेथाचें शेत व त्याचें आसन

शास्त्रपाठ : २ शमुवेल ४ : ४, ९ : १-१३, १६ : १-४, १९ : २४-३०.

मफीबोशेथ हा योनाथानाचा पुत्र. तो पांच वर्षांचा असतां शौल व योनाथान लढाईंत पडल्याची बातमी आली. दाई त्याला उचलून घाईनें पळूं लागली, तो तिच्या हातून पडला व दोन्ही पायांनीं लंगडा झाला. शास्त्र इतकेंच सांगतें. कोणाच्या पापामुळें असें झालें हें तें शोधीत बसत नाहीं. आमच्या खेड्यांतून, आणि खेदाची गोष्ट ही कीं ख्रिस्ती घरांतूनही, लंगडें किंवा मुकें मूल जन्मास आलें म्हणजे पहिला प्रश्न हाच निघतो. जन्मांधाविषयीं शिष्यांनींही तोच विचारला होता, व प्रभूनें तो मान्य केला नाहीं, हें योहानाच्या नवव्या अध्यायांत पाहावें.

आतां दावीद राजानें काय केलें तें क्रमानें लक्षांत घ्या. आमचे उपदेशक बंधु बहुधा राजाच्या मेजावरील जेवणावर बोलतात, आणि तो भाग गोड आहेच. पण राजाच्या वचनांत त्याच्या आधीं जमिनीची गोष्ट आहे. शौलाची सर्व शेती त्यानें मफीबोशेथास परत दिली, ती कसण्यास सीबा, त्याचे पंधरा पुत्र व वीस चाकर नेमून दिले, आणि त्याला राजपुत्रांप्रमाणें आपल्या पंक्तीस बसविलें. ही भिक्षा नव्हे; जमीन त्याच्या आजोबाचीच होती. लो-दबारांत माखीराच्या घरीं त्याला भाकरी मिळत असेलच. हक्काचें असें कांहीं नव्हतें. आणि तो बरा झाला असेंही शास्त्र म्हणत नाहीं. अध्यायाच्या शेवटच्या ओळींतही तो लंगडाच आहे, व मेजावरच आहे.

दया कमी मोलाची आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं, दुष्काळाच्या दिवसांत, मुंबईस आंधळ्यांसाठीं शाळा काढिली. ती दादर येथें कमला मेहता यांच्या नांवानें आजही चालू आहे. त्या शाळेनें अन्नाबरोबर अक्षर दिलें, म्हणून तिचें नांव राहिलें. परंतु दया करणाऱ्याचें मन पालटलें कीं दया संपते. हक्काचें तसें नाहीं.

संयुक्त राष्ट्रांनीं अपंगांच्या हक्कांविषयीं १३ डिसेंबर २००६ रोजीं जो करार केला, त्यास भारतानें १ ऑक्टोबर २००७ रोजीं मान्यता दिली. त्याला अनुसरून २०१६ सालीं दिव्यांगांच्या हक्कांचा नवा कायदा झाला व १९ एप्रिल २०१७ पासून तो अमलांत आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे ७ प्रकार होते, यांत २१ आहेत. ४० टक्के वा अधिक अपंगत्व असणाऱ्यांस ६ ते १८ वर्षांच्या वयांत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, व सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा त्यांच्यासाठीं राखून ठेविल्या आहेत. (अपंगास दिव्यांग म्हणावें असा आतां प्रघात पडला आहे. चांगलें आहे, पण नुसत्या नांवानें कोणी पंक्तीस बसत नाहीं.) मात्र गांवांत ज्याकडे कोणी पाहत नाहीं तें कलम तेरावें. अपंगास इतरांच्या बरोबरीनें मिळकत बाळगण्याचा व वारशानें घेण्याचा हक्क आहे, आणि त्याला साहाय्य करणाराचा स्वार्थ त्याच्या हिताच्या आड येत असेल, तर त्या व्यवहारांत साहाय्य करणारानें बाजूस व्हावें, असें तें सांगतें.

हें वाचतांना सीबाची आठवण होते. अबशालोमाच्या बंडाच्या वेळीं धन्यानें गाढवावर खोगीर घालावयास सांगितलें. सीबा त्याला मागें टाकून स्वतः भाकरी व द्राक्षारस घेऊन राजाकडे गेला, आणि धनी राज्याची आशा धरून यरुशलेमेंत बसला आहे असें सांगितलें. राजानें चौकशी न करितां सर्व शेत सीबास देऊन टाकिलें. ज्याला पाय होते त्याची गोष्ट आधीं पोहोंचली. पुढें खरें कळल्यावरही राजानें जमीन दोघांत वांटून दिली. हा निवाडा आम्हांस पुरता न्याय्य वाटत नाहीं.

असा सीबा घराघरांत निघूं शकतो, आणि जमिनीचें मोल जेथें चढतें तेथें लवकर निघतो. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, व ठाणें, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. १९८४ च्या जासईच्या आंदोलनानंतर शेतकऱ्यांस साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. जेथें भाताचीं खाचरें व मिठागरें होतीं तेथें आतां वीतभर जागेसही भाव आहे. अशा ठिकाणीं मुक्या भावाचा किंवा आंधळ्या बहिणीचा अंगठा हक्कसोड पत्रावर कोणी घेतला, कागद त्यांस कोणी समजावून दिला, वारसनोंदींत त्यांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हें पाळकानें व पंचांनीं विचारणें म्हणजे दुसऱ्याच्या घरांत नाक खुपसणें नव्हे. शहराबरोबर कांहीं चांगलेंही आलें आहे. वाशीस महानगरपालिकेचें अपंगांसाठीं शिक्षण व प्रशिक्षणाचें ई.टी.सी. केंद्र आहे, आणि खारघरास बौद्धिक अपंगत्वासंबंधींच्या राष्ट्रीय संस्थेचें प्रादेशिक केंद्र. ज्या उपदेशकांच्या मंडळींत असें मूल घरांत कोंडलेलें आहे, त्यांनीं आईबापांना तिकडची वाट दाखवावी.

मंदिराविषयीं एक गोष्ट. कायद्याच्या व्याख्येंत सार्वजनिक इमारतींमध्यें धर्मकार्याच्या इमारतीही येतात. म्हणून पायऱ्यांच्या बाजूस उतार बांधणें ही पंचांची मर्जी राहिलेली नाहीं. आणि प्रभूचें मेज तर राजाच्या मेजाहून मोठें आहे. मुक्यास प्रश्नोत्तरें तोंडानें म्हणतां येत नाहींत एवढ्यावरून त्याला त्यापासून दूर ठेवणें आम्हांस शास्त्राविरुद्ध वाटतें. त्याचा विश्वास खुणांनीं विचारावा.

पाठ घेतेवेळीं वर्गांत अपंग बंधु किंवा भगिनी असल्यास एकोणिसाव्या अध्यायांतील मफीबोशेथाचें उत्तर त्यांच्याकडूनच वाचून घ्यावें, आणि सीबाचे शब्द शिक्षकांनीं स्वतः वाचावे.