भंगारातील मोटर पुन्हा कामाला लावा

चिखलीसारख्या तालुक्याच्या गावात रेडियम कटिंगवर पोट असलेल्या कारागिराचा कटर बंद पडला की धंदा थांबतो. नव्या मशीनसाठी कर्ज काढावे लागते आणि जुने वजनावर भंगारात जाते. पुष्कळदा जळालेला असतो तो फक्त कंट्रोल बोर्ड. मोटरी शाबूत असतात. त्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कशा चालवाव्यात, याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

मोटरची ओळख : स्टेपर मोटर टप्प्याटप्प्याने फिरते. १.८ अंशांची मोटर २०० टप्प्यांत एक फेरा पूर्ण करते. जुन्या प्रिंटरांत ७.५ अंशांच्या, म्हणजे ४८ टप्प्यांच्या मोटरीही सापडतात. दोनच वायरी असतील तर ती साधी डी.सी. मोटर, ती या कामाची नाही. चार वायरींच्या दोन जोड्या असतात. दोन वायरींची टोके एकमेकांना जोडून दांडा हाताने फिरवावा. तो जड झाला तर ती एक जोडी समजावी. सहा वायरी असतील तर प्रत्येक गुंडाळीची मधली वायर टेप लावून मोकळी सोडावी. पाच वायरींची मोटर खालील ड्रायव्हरवर चालत नाही.

जोडणी : नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ साली ‘जीआरबीएल’ हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. ते आर्दुइनो उनो या छोट्या बोर्डावर चालते. प्रत्येक मोटरला ए४९८८ सारखा एक ड्रायव्हर लागतो. त्यावरील स्क्रूने करंट आधी कमी ठेवून हळूहळू वाढवावा. सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जळतो.

हिशोब : २०० टप्प्यांची मोटर, ड्रायव्हरवर १६ भाग, म्हणजे एका फेऱ्याला ३,२०० टप्पे. एका फेऱ्यात पट्टा ४० मि.मी. सरकत असेल तर दर मि.मी.ला ८० टप्पे भरावेत. मग १०० मि.मी.ची रेघ मारून मोजावी. ती ९८ भरली तर ८० ला १०० ने गुणून ९८ ने भागावे, ८१.६३ हा नवा आकडा. इंकस्केप या मोफत प्रोग्रॅममध्ये अक्षरे काढून त्यांचा जी-कोड करता येतो.

मर्यादा : या मोटरी पेन, रेडियम, कागदी स्टेन्सिल यांना पुरतात. लाकूड वा लोखंड कोरण्याची आशा धरू नये.

हे शहराचेच काम आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी विज्ञान आश्रमात २००२ साली एम.आय.टी.च्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. आपल्या होतकरू मुलांनीही हात घालून पाहावा. जुना कटर तराजूवर चढविण्यापूर्वी मोटरी, पट्टे आणि रूळ काढून घ्यावेत, एवढेच आमचे सांगणे आहे.