दार उघडे आहे

विद्यार्थी मित्रांनो, कधी बडोद्याला गेलात तर सूरसागर तलाव जरूर पाहा. तलावाजवळच महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संगीत, नृत्य आणि नाट्य शिकवणारा विभाग आहे. अशा संस्थेच्या सूचना फलकावर कधी कधी एक छोटी सूचना लागते : ‘विद्यार्थ्यांचे गायन. वेळ सायंकाळी ६. प्रवेश विनामूल्य.’ म्हणजे कोणीही यावे, बसावे आणि ऐकावे.

तुम्हांला वाटेल, यात विशेष ते काय? पण पूर्वी असे नव्हते. गाणे हे उस्तादाच्या घरातले धन होते. ते बापाकडून मुलाकडे जाई. बाहेरच्याला ते सहसा मिळत नसे.

एक हकिकत सांगतात. घसीट खान नावाचे मोठे गायक होते. ते कोणालाच शिकवत नसत. चोले खान नावाच्या तरुणाला त्यांचे गाणे शिकायचे होते. त्याने काय करावे? त्याने उस्तादांच्या पहारेकऱ्याशी मैत्री केली. रोज रात्री तो लपून त्यांचा रियाज ऐके आणि घरी जाऊन तसेच गाण्याचा प्रयत्न करी. एके दिवशी उस्ताद रस्त्याने जात होते. आपलेच गाणे परक्या गळ्यातून ऐकून ते थांबले. त्यांनी गुरूचे नाव विचारले. तरुणाने खरे ते सांगितले. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी त्याला शागीर्द केले.

हाच चोले खान पुढे मौला बख्श (१८३३ ते १८९६) या नावाने प्रसिद्ध झाला. मौला बख्श यांनी दक्षिणेकडचे संगीतही शिकून घेतले. म्हैसूरच्या दरबारात त्यांचा मोठा सन्मान झाला. त्या काळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड होते. ते मूळचे आपल्या मालेगाव तालुक्यातील कौळाणे गावचे. शिक्षण सर्वांना मिळावे, असे त्यांना वाटे. त्यांच्या आश्रयाने मौला बख्श यांनी १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा सुरू केली. १९४९ मध्ये विद्यापीठ स्थापन झाल्यावर ही संस्था त्यात सामील झाली.

वर्गात पुष्कळ मुले असतात. त्या सर्वांना एकच चीज कशी शिकवायची? मौला बख्श यांनी स्वर कागदावर लिहिण्याची स्वतःची पद्धत तयार केली. तिला स्वरलिपी म्हणतात. चीज कागदावर उतरली की ती घराण्याच्या हातून गेली, अशी भीती तेव्हा अनेक गायकांना वाटे. शिवाय, कागदावर सा, रे, ग लिहिता येतात. पण एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर आवाज कसा सरकतो, ते पूर्णपणे लिहिता येत नाही. त्यासाठी शिक्षकासमोर बसावेच लागते. मला विचाराल तर वहीही हवी आणि उस्तादही हवा.

म्हणूनच संगीताच्या विद्यार्थ्याला लेखी परीक्षा पुरत नाही. त्याला लोकांसमोर गावे लागते. अशा कार्यक्रमाला गेलात तर सुरुवातीला थोडा धीर धरा. आधी तानपुऱ्याच्या तारा जुळवतात, मग तबला त्या स्वरात मिळवतात. नवख्याला ही उगाच खटपट वाटते. पण तार उतरलेली असेल तर पुढचे सगळे गाणे बिघडते. मग विद्यार्थी सावकाश ख्याल सुरू करतो. शब्द थोडेच असतात. त्याच ओळीला तो निरनिराळ्या प्रकारे सजवतो आणि दर वेळी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येऊन मिळतो. सम बरोबर साधली की ऐकणाऱ्यांच्या माना आपोआप हलतात. शेवटी लय वाढते.

यातले किती शब्द तुमच्या घरचे आहेत, पाहा! उस्ताद, शागीर्द, रियाज, ख्याल, साज. मराठीतली ‘मैफल’ म्हणजे तुमची ‘महफिल’च.

गाणे चालू असताना उठू नका. उशीर झाला तर दाराशी थांबा आणि एक चीज संपली की आत जा.

स्वाध्याय
१. चोले खान लपून का ऐकत असे?
२. स्वरलिपी असूनही शिक्षक का लागतो?
३. तुमच्या शाळेतील गायनाच्या कार्यक्रमासाठी फलकावर लावायची सूचना मराठीत लिहा.